डाउनस्विंगमध्ये क्लब बाहेरून येतोय? स्विंग प्लेन सुधारण्याची पायरीवार पद्धत

पनवेलला नोकरीला असताना मला गोल्फची गोडी लागली. पुढे दापोलीजवळच्या गावी घरी परतलो तेव्हा क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा सेट बरोबर आला आणि एक खोडही आली. चेंडू निशाण्याच्या डावीकडे निघायचा आणि वाटेत उजवीकडे वळून भलतीकडेच जायचा. दोन वर्षं मी हातांनाच दोष देत राहिलो. ग्रिप (क्लबवरची पकड) आवळली, मग सैल केली, मुद्दाम डावीकडे तोंड करून उभा राहिलो. दोष होता तो डाउनस्विंग, म्हणजे वर नेलेला क्लब चेंडूकडे खाली आणणं, सुरू होतो त्या पहिल्या क्षणात. सिडकोचं खारघरचं गोल्फ मैदान आमच्यापासून चार-पाच तासांवर आहे, त्यामुळे रोज कोणी जवळ उभं राहून सांगेल अशी सोय नव्हती. अंगण, पडवी आणि ओहोटीची पुळण (किनाऱ्याची वाळू) एवढ्यावरच मला हे सुधारावं लागलं. किनाऱ्यावरच्या गावात राहून कुणी हा खेळ शिकत असेल तर त्याची ही दोन वर्षं वाचावीत म्हणून लिहितोय.

सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

आधी प्लेन म्हणजे काय ते बघू

आपल्या कौलारू घराचं छप्पर डोळ्यांसमोर आणा. वळचणीच्या कडेला चेंडू आहे आणि वर आढ्याच्या बाजूला तुमचे खांदे आहेत. क्लब वर जातो आणि खाली येतो तो साधारण या उतारालगत. हा उतार म्हणजे स्विंग प्लेन. बेन होगन या अमेरिकन खेळाडूने १९५७ मध्ये हीच गोष्ट चेंडूपासून खांद्यांपर्यंत टेकवलेल्या काचेच्या तावदानाची कल्पना वापरून समजावली होती. त्याच्या मांडणीत खाली येतानाची काच वर जातानाच्या काचेपेक्षा थोडी सपाट होते, आणि हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. क्लबची लांबी बदलली की छपराचा उतारही बदलतो. ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, साधारण ४५ इंचांचा, म्हणून त्याचा उतार सपाट. वेज, म्हणजे जवळच्या फटक्याचा आखूड क्लब, ३५ इंचांच्या आसपास, त्याचा उतार उभा.

बॅकस्विंग, म्हणजे क्लब वर नेणं, अगदी उतारावरूनच गेला पाहिजे असं नाही. अमेरिकन खेळाडू जिम फ्युरिकचा क्लब वर जाताना चांगलाच उभा जातो आणि खाली येताना वळसा घेऊन बरोबर उतारावर येतो. त्याच स्विंगने तो २००३ ची यूएस ओपन जिंकला आणि २०१६ मध्ये पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेत एका फेरीत ५८ फटक्यांत खेळला. तेव्हा वर जाताना क्लब कसा दिसतो याची चिंता नंतर करा. हिशेब खाली येतानाचा आहे.

खाली येताना दोष दोन प्रकारचे होतात. क्लब छपराच्या वरून, म्हणजे बाहेरच्या बाजूने येतो, याला सगळे ‘ओव्हर द टॉप’ म्हणतात. नाहीतर तो छपराच्या फार खाली अडकतो आणि अति आतून येतो. नवीन शिकणाऱ्यांत पहिला दोष फार जास्त दिसतो, म्हणून बराचसा लेख त्यावरच आहे.

लागणारं सामान

- एक जुना ७ नंबरचा आयर्न (मध्यम लांबीचा, धातूच्या पात्याचा क्लब) आणि एक जुना वेज. वाळूने क्लबच्या तोंडावर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट भागावर, ओरखडे येतात, नवा क्लब पुळणीवर नेऊ नका.
- बांबूच्या दोन सरळ कामठ्या, साधारण चार फुटी. टोकं घासून बोथट करा.
- नारळाची दोन सोडणं (काथ्याची सालं). क्लब लागला तरी क्लबला काही होत नाही.
- मोबाइल आणि तो उभा राहील असा स्टँड. स्लो मोशन असेल तर उत्तम.
- भोकांचे प्लास्टिकचे चेंडू डझनभर. खरा गोल्फचा चेंडू साध्या खेळाडूच्या ड्रायव्हरवरूनही ताशी २०० किलोमीटरच्या आसपास सुटतो. तो पुळणीवर, वाडीत किंवा वस्तीजवळ कधीही मारू नका.
- भिंत. पडवीची चालेल.

१. तुमचा दोष नेमका कोणता ते ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळली होती, आणि मग ज्या रोगाचं औषध घेत होतो तो रोग मला नव्हताच.

मोबाइल तुमच्या मागे ठेवा, म्हणजे निशाण्याच्या विरुद्ध बाजूला, हातांच्या उंचीवर आणि हातांच्या सरळ रेषेत. त्याचा रोख निशाण्याच्या रेषेला समांतर हवा. मोबाइल थोडा जरी डावी-उजवीकडे सरकला तरी चांगला स्विंग वाईट दिसतो आणि वाईट चांगला. जमिनीवर कामठी ठेवून ती रेष पक्की करा आणि दर वेळी मोबाइल त्याच जागी लावा.

व्हिडिओ दोन ठिकाणी थांबवून बघा.

पहिली जागा: खाली येताना डावा हात जमिनीला समांतर होतो तिथे. क्लबचं ग्रिपकडचं टोक मनाने जमिनीपर्यंत वाढवा. ते चेंडूच्या रेषेच्या जवळपास टेकलं तर ठीक. तुमच्या पायांच्या बोटांकडे टेकलं तर क्लब फार उभा आहे. चेंडूच्या बऱ्याच पलीकडे गेलं तर क्लब फार सपाट आहे.

दुसरी जागा: आणखी खाली, दांडा जमिनीला समांतर होतो तिथे. क्लबचं डोकं हातांच्या आड किंवा किंचित आत दिसायला हवं. ते हातांच्या पलीकडे, चेंडूच्या बाजूला बाहेर दिसलं तर तुम्ही वरून येताय. पाठीमागे लपलं तर आत अडकलाय.

चेंडूची वाटही साक्ष देते. चेंडू सुरुवातीला कुठे निघतो हे मुख्यतः क्लबचं तोंड ठरवतं. पुढे तो कुठे वळतो हे ठरतं तोंड आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकावर. डावीकडे निघून सरळच गेला तर तो पुल. डावीकडे निघून उजवीकडे वळला तर पुल-स्लाइस. दोन्हींत क्लब बाहेरून आत आलेला असतो. उजवीकडे निघून सरळ गेला किंवा जोरात डावीकडे वळला, शिवाय क्लब चेंडूच्या आधी जमिनीत घुसायला लागला, तर दुसरा दोष समजा.

२. स्विंगला हात लावण्याआधी उभं राहणं आणि ग्रिप तपासा

क्लबचं तोंड उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं असेल तर चेंडू उजवीकडे जातो. मग शरीर स्वतःच त्यावर उपाय शोधतं आणि क्लब डावीकडे ओढायला लागतं. म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत बाहेरून येणं हा परिणाम असतो, आणि कारण ग्रिपमध्ये दडलेलं असतं. ते न काढता कितीही सराव करा, शरीर परत जुन्या वाटेला जाणार.

वरून बघताना डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची पेरं दिसली पाहिजेत. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमध्ये होणारी खाच उजव्या खांद्याकडे वळलेली हवी. त्यानंतर खांदे बघा. एक कामठी छातीवर आडवी धरा आणि ती कुठे रोखली जाते ते पाहा. ती डावीकडे रोखलेली असेल तर खांदे आधीच उघडे आहेत आणि क्लबला बाहेरून येण्याशिवाय वाट नाही. चेंडू फार पुढे, डाव्या पायाकडे ठेवला की खांदे आपोआप उघडतात. ७ नंबरच्या आयर्नला चेंडू पायांच्या मध्यापासून अगदी थोडा पुढे असू द्या.

स्लाइस होतोय म्हणून आणखी डावीकडे तोंड करून उभं राहणं हा सगळ्यात मोठा सापळा आहे. त्याने वाट आणखी बाहेरून होते आणि चेंडू आणखी वळतो.

३. डाउनस्विंगची सुरुवात पायाने करा

ग्रिप ठीक असेल तर दोषाचं मूळ इथे आहे. आपल्याकडच्या मुलांचा हात टेनिस बॉलच्या क्रिकेटवर बसलेला असतो. अंडरआर्म सामन्यात चेंडू ओढून लेगला उचलायची सवय लागली की खालचा हात आणि उजवा खांदा एकदम पुढे झेपावतात. क्रिकेटमध्ये त्याने चौकार मिळतो. गोल्फमध्ये तोच खांदा क्लबला छपरावरून बाहेर ढकलतो.

मला हे उमगलं ते आंजर्ल्याच्या खाडीवर. शेजारचे नाना पाग टाकत होते आणि मी पिशवी धरून मागे उभा होतो. जाळ्याची कड दातांत, उरलेलं हातावर घेतलेलं. ते उजवीकडे वळले, क्षणभर थांबले. मग आधी त्यांचा डावा पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतला, मागोमाग कंबर फिरली, आणि हात अगदी शेवटी सुटले. जाळं पाण्यावर गोल पसरलं. मी विचारलं, “नाना, जोर हातात असतो ना?” ते म्हणाले, “नाय रे बाबा. हातान फेकलंस तर गोळा होऊन पडतंय. पाय रुतला की जाळं आपसूक सुटतं.” त्या दिवशी मी दहा-बारा वेळा फक्त त्यांचा डावा पाय बघितला. दर वेळी जाळं अजून मागे असतानाच पाय रुतायला लागायचा.

गोल्फमध्येही क्रम हाच आहे. बॅकस्विंग पुरता संपण्याआधीच भार डाव्या पायाकडे यायला लागतो, मग कंबर उघडते, आणि खांदे क्षणभर मागेच राहतात. खांदे मागे राहिले की हातांना खाली उतरायला जागा मिळते, उजवं कोपर बरगडीच्या पुढे येतं आणि क्लब आपण होऊन थोडा सपाट होतो. त्याला हाताने सपाट करायची गरज पडत नाही.

डाउनस्विंग साधारण पाव सेकंदात संपतो. एवढ्या वेळात मध्येच काही सुधारता येत नाही, त्यामुळे क्रम हळू हालचालीत अंगात मुरवावा लागतो. त्यासाठी मी हे तीन सराव करतो:

अ) चपटा दगड फेकणं. खाडीच्या शांत पाण्यावर दगड टप्पे घेत जावा म्हणून आपण तो बाजूने, खालून फेकतो. कोपर शरीराजवळ आणि पुढे, हाताचा पंजा मागे राहिलेला, भार डाव्या पायावर. दहा दगड फेका आणि लगेच क्लब घेऊन तसाच हात खाली आणा. माझ्या लहान चुलतभावाला मी एक शब्दही न सांगता फक्त हे करायला लावलं, त्याचा क्लब पहिल्याच दिवशी आतून यायला लागला.

आ) तीनदा उतरवणं. बॅकस्विंगच्या टोकाला थांबा. डाव्या टाचेवर भार देत हात कमरेपर्यंत आणा आणि परत वर न्या. असं तीनदा करून चौथ्यांदा पूर्ण मारा. कमरेपाशी आलात की प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघा, क्लबचं डोकं हातांच्या पलीकडे तर नाही ना.

इ) उजवा पाय मागे. नेहमीसारखे उभे राहा आणि उजवा पाय वीतभर मागे घ्या. आता खांदा पुढे झेपावणं अवघड होतं आणि हातांना आतून यायला जागा मिळते. अर्ध्या जोराने मारा.

४. सोडणांचा अडथळा लावा

चेंडूच्या पलीकडे, चार बोटं अंतर सोडून आणि वीतभर मागे, म्हणजे निशाण्याच्या उलट दिशेला, एक सोडण ठेवा. क्लब बाहेरून आला तर सोडणाला लागेल. दुसरं सोडण चेंडूच्या अलीकडे, तुमच्या बाजूला, वीतभर पुढे ठेवा. क्लब चेंडूनंतर फार आत ओढला गेला तर ते उडेल. या दोघांच्या मधून क्लब काढायचा.

सुरुवातीला चेंडू ठेवूच नका. चेंडू दिसला की शरीर जुनी सवय काढतं. मी आठवडाभर नुसत्या सोडणांच्या मधून क्लब काढत होतो आणि रोज एक व्हिडिओ बघत होतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्हाला वाटेल की क्लब पार पाठीमागून येतोय, पण व्हिडिओत तो जेमतेम उतारावर आलेला दिसेल. अंगाला काय वाटतं त्यापेक्षा व्हिडिओवर भरवसा ठेवा.

५. ओल्या वाळूवर रेघ मारून परीक्षा घ्या

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना मिळालेलं हे मोठं वरदान आहे. ओहोटीची ओली, घट्ट पुळण तुमच्या क्लबची वाट जशीच्या तशी छापून ठेवते.

वेळ कोळ्यांच्या हिशेबाने काढा. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची साधारण वेळ मिळते. द्वितीयेला दुपारी दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी सव्वासातच्या सुमाराला ओहोटी. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या सकाळी सगळ्यात सोयीच्या. उधाणाचे दिवस असल्याने पुळणही लांबवर उघडी पडते आणि पर्यटक यायच्या आत काम होतं. पाणी परत चढायला लागलं की आवरतं घ्या.

पाऊल टाकल्यावर फक्त पुसट ठसा उमटेल अशी जागा निवडा. काठीने निशाण्याच्या दिशेला दोन मीटरची सरळ रेघ ओढा. तिला मध्यावर छेदणारी एक आडवी रेघ काढा, त्या फुलीवर चेंडू आहे असं समजा. वेज घ्या, अर्ध्या जोराने फिरवा, वाळू नुसती खरवडली गेली पाहिजे.

आता खूण वाचा. खूण लांब रेघेच्या पलीकडे सुरू होऊन तुमच्या बाजूला तिरकी आली तर क्लब बाहेरून आला. शिवाय ती खोल, खणल्यासारखी असेल तर क्लब फार उभा आला. खूण रेघेला जवळजवळ समांतर, आडव्या रेघेपासून पुढे सुरू होणारी आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी पातळ असेल तर काम झालं. ती आडव्या रेघेच्या बरीच आधी सुरू झाली तर भार डाव्या पायावर आलाच नाही, किंवा तुम्ही दुसऱ्या दोषाकडे निघालात.

एका रेघेवर दहा खुणा करा आणि वरून फोटो काढून ठेवा. महिन्याभराचे फोटो शेजारी शेजारी ठेवले की प्रगती दिसते.

नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं आंजर्ले, वेळास अशा किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. घरटी भरतीरेषेच्या वर कोरड्या वाळूत असतात. त्या दिवसांत कोरड्या वाळूत ना काठी रोवा, ना क्लब फिरवा. कातळावर तर कधीच नको. मी एकदा वाळूखालचा दगड न बघता क्लब मारला आणि डावं मनगट तीन आठवडे दुखत होतं.

६. आता आत अडकायला लागलात तर

‘क्लब मागे टाका’ हा नेहमी मिळणारा सल्ला अति पाळला की हे होतं. मीही त्यात महिनाभर अडकलो होतो. चेंडू उजवीकडे सरळ जायला लागला, आणि हाताने तोंड बंद करायचा प्रयत्न केला की जोरदार हुक, म्हणजे चेंडू एकदम डावीकडे वळायचा. कारण बहुतेक वेळा कमरेत असतं. कंबर फिरायची थांबते किंवा चेंडूच्या दिशेने पुढे येते, हातांना जागा उरत नाही आणि क्लब मागे अडकतो.

पडवीच्या भिंतीला पार्श्वभाग टेकवून, नेहमीसारखं वाकून उभे राहा. हात छातीवर. मागे वळताना उजवी बाजू भिंतीला दाबली गेली पाहिजे. पुढे वळताना ती सुटून डावी बाजू भिंतीला लागली पाहिजे. पुढे येताना दोन्ही बाजू भिंतीपासून सुटल्या तर तुमची कंबर चेंडूकडे धावतेय. रोज तीस वेळा, क्लबशिवाय. या काळात पायरी ३ मधला उजवा पाय मागे घेण्याचा सराव बंद ठेवा, तो या दोषाला खतपाणी घालतो.

७. चेंडूवर परत या

तीन सरावाचे स्विंग, मग एक चेंडू. ७ नंबरने, हात खांद्याच्या वर न नेता. दहापैकी सात चेंडू निशाण्याच्या जवळपास निघायला लागले की पूर्ण स्विंग. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. त्याला चेंडू डाव्या टाचेसमोर असतो, त्यामुळे खांदे परत उघडतात. ड्रायव्हरच्या वेळी कामठी छातीवर धरून दर वेळी तपासा. मला एक दिवसाआड वीस मिनिटं असं करून सहा आठवड्यांत आयर्न सुधारले. ड्रायव्हरला त्यानंतर आणखी दोन महिने लागले.

मैदानावर खेळताना डोक्यात एकच गोष्ट ठेवा. माझी आहे ‘पाय रुतू दे’. कोपर, खांदा, दांडा हे सगळं घरच्या सरावासाठी.

८. पावसाळा आणि खारी हवा

जून ते सप्टेंबर पुळणीवर जाता येत नाही. भिंतीचा सराव आणि तीनदा उतरवणं पडवीत करा. त्यासाठी क्लबऐवजी हातभर लांब काठी घ्या, वासे आणि कौलं वाचतील. आरशासमोर केलंत तर आणखी चांगलं.

पुळणीवरून आल्यावर क्लब त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. खोबणीतली वाळू जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा, कोरडं पुसा आणि डोक्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवा. खाऱ्या हवेत वेजवर आठवड्यात गंज दिसायला लागतो. ग्रिपला तेल लागू देऊ नका. ती वेगळ्या फडक्याने, साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा.